धावेवरचे गणित : यामिकीची उदाहरणे आणि शिराळ्याचा विद्यार्थी

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या पायथ्याशी शिराळा तालुका वसलेला आहे. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वारणा वाहते आणि खुद्द शिराळ्याजवळून तिची उपनदी मोरणा. पूर्वेकडे ऊस, पश्चिमेकडे भात आणि त्यापलीकडे चांदोलीचे जंगल, असे या भूभागाचे स्वरूप आहे. नागपंचमीमुळे बत्तीस शिराळ्याचे नाव देशभर ठाऊक आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निराळा आहे. या तालुक्यातील जी मुले-मुली भौतिकशास्त्र घेऊन पदवीच्या वर्गात जातात, त्यांना पहिल्याच वर्षी ज्या विषयाशी झुंजावे लागते त्या यामिकीचा, आणि तिची उदाहरणे कशी सोडवावीत याचा, येथे विचार करावयाचा आहे.

यामिकी म्हणजे वस्तूंच्या गतीचे आणि त्या गतीस कारण होणाऱ्या बलांचे शास्त्र. न्यूटनचा ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातील गतीचे तीन नियम या शास्त्राचा पाया ठरले. अणूच्या अंतरंगात किंवा प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगांना हे नियम पुरे पडत नाहीत, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. तथापि पूल, धरण, मोटार, झोका, तोफगोळा, इतकेच नव्हे तर चंद्रावर जाणारे यान, या सर्वांचे गणित आजही त्याच नियमांनी मांडले जाते. म्हणूनच या शाखेस ‘अभिजात यामिकी’ असे नाव मिळाले आहे.

नियम तीनच, आणि तेही पाठ होण्यासारखे. अडचण सुरू होते ती उदाहरणापाशी. सातारा-सांगली भागात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांमुळे शिक्षण खेडोपाडी पोहोचले आणि शेतकरी कुटुंबातील मुले विज्ञान शाखेपर्यंत आली. यांपैकी अनेकांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झालेले असते. अकरावीत विज्ञानाचे पुस्तक एकदम इंग्रजीत येते. त्यातील उदाहरणात ‘घर्षणरहित उतारावर ठेवलेला ठोकळा’ असतो, ‘वजनरहित दोरी’ असते, ‘आदर्श कप्पी’ असते. विद्यार्थ्याने असा ठोकळा कधी पाहिलेला नसतो आणि अशी दोरी कोठेही मिळत नाही. मग तो साहजिकपणे सुटकेचा मार्ग शोधतो. उदाहरणातील आकडे पाहावयाचे, ते ज्या सूत्रात बसतील असे सूत्र आठवावयाचे आणि उत्तर काढून मोकळे व्हावयाचे. आकडे बदलले तर हा मार्ग चालतो. प्रश्नाची मांडणी बदलली की तेथेच संपतो. परीक्षेत जे विद्यार्थी ‘हे उदाहरण शिकवलेच नव्हते’ असे म्हणतात, ते खोटे बोलत नसतात. त्यांना तो नियम नव्या जागी ओळखता आलेला नसतो, इतकेच.

यावर उपाय अवघड नाही. परंतु तो वेळखाऊ आहे आणि शिक्षकाच्या संयमाची कसोटी पाहणारा आहे. सूत्र आठवण्यापूर्वी चित्र काढावे. चित्रातील एकच वस्तू निवडून ती भोवतालापासून जणू कापून वेगळी करावी, तिला कोण कोण ओढते किंवा ढकलते हे बाणांनी दाखवावे, आणि त्यानंतरच न्यूटनचा नियम लावावा. हे सारे उदाहरणावाचून सांगणे व्यर्थ आहे. म्हणून शिराळ्याच्या शिवारातीलच एक उदाहरण घेऊ.

मोट आणि धाव

विजेचे पंप आल्यावर मोट मागे पडली. आजचा विद्यार्थी ती आजोबांच्या बोलण्यातून जाणतो. परंतु जुन्या विहिरीपाशी धावेची जागा अद्याप ओळखू येते. धाव म्हणजे विहिरीच्या काठापासून दूर उतरत जाणारी वाट. बैलजोडी या उतारावरून खाली जाते, नाडा चाकावरून फिरतो, भरलेली मोट वर येते आणि सोंदुराच्या ओढीने तिचे पाणी थारोळ्यात पडते. बैल पुन्हा वर येतात, रिकामी मोट खाली जाते. ग्रामपंचायतीतील वडीलधाऱ्या सभासदांना हे सांगण्याची गरज नाही. पण एक प्रश्न त्यांनाही विचारण्यासारखा आहे : धाव उतरती का करीत असत?

‘उतारावर ओढणे सोपे जाते’ हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. किती सोपे जाते, आणि त्याची किंमत कोठे मोजावी लागते, हे यामिकी सांगते. सोयीसाठी काही आकडे धरू. दोन बैलांचे मिळून वस्तुमान ७०० किलो, मोटेतील पाणी १४५ किलो, रिकामी मोट १५ किलो. धावेवर दहा फूट चालले असता पावणेदोन फूट खाली उतरावे लागते. चाकाचे घर्षण आणि नाड्याचे वजन तूर्त सोडून देऊ. बलाचे माप म्हणून एक किलो वस्तुमानाचे वजन, म्हणजे किलोभार, घेऊ. तो सुमारे ९.८ न्यूटन असतो.

प्रथम मोट वेगळी करून पाहावी. ती संथ गतीने वर येत असेल तर नाड्याचा ताण तिच्या एकूण वजनाइतका, म्हणजे १६० किलोभार असला पाहिजे. आता बैलजोडी वेगळी करावी. येथे विद्यार्थी हमखास गोंधळतो. बैल नाडा पुढे ओढतात, नाडाही त्यांना तेवढ्याच बलाने मागे ओढतो. मग दोन्ही समान असता बैल पुढे जातात कसे? ही दोन बले एकाच वस्तूवर नाहीत, हे ध्यानात आले की कोडे सुटते. बैलांचे ओढणे नाड्यावर आहे. बैलांच्या हिशेबात ते धरावयाचेच नाही. बैलांवर उताराच्या दिशेने तीनच बले आहेत. नाड्याचा ताण मागे, त्यांच्या स्वतःच्या वजनाचा उतारावरील भाग पुढे, आणि खुरांनी जमीन मागे रेटल्यामुळे जमिनीने दिलेला रेटा पुढे. वजनाचा उतारावरील भाग दहास पावणेदोन या प्रमाणात, म्हणजे ७०० किलोपैकी साडेएकशेबावीस किलोभार भरतो. उरलेले साडेसदतीस किलोभार तेवढे खुरांच्या रेट्यातून यावयाचे. सपाट जमिनीवर हाच रेटा १६० किलोभार झाला असता.

येथे थांबले तर धाव म्हणजे फुकटचा लाभ वाटेल. निसर्गात असा लाभ मिळत नाही. बैलांना परत वर यावयाचे आहे. त्या वेळी स्वतःच्या वजनाचे साडेएकशेबावीस किलोभार त्यांच्याविरुद्ध असतात. रिकाम्या मोटेचा १५ किलोभारांचा ताण तेवढा त्यांना वर येण्यास साहाय्य करतो. म्हणजे परतीच्या वाटेवर त्यांना साडेएकशेसात किलोभार रेटा द्यावा लागतो. जातानाचे साडेसदतीस आणि येतानाचे साडेएकशेसात यांची बेरीज १४५. हे मोटेतील पाण्याचे वजन आहे! उतार कितीही धरला तरी ही बेरीज बदलत नाही, कारण एका फेरीत घडून येते ते एवढेच की तेवढे पाणी वर चढते. बैल आणि मोट पुन्हा आपापल्या मूळ जागी असतात. धावेने कार्य कमी केलेले नाही. एका खेपेचा बोजा दोन खेपांत वाटून दिला आहे. सपाटीवर बैल जाताना दमले असते आणि येताना रिकामे चालले असते.

वाटणी अगदी समसमान हवी असेल तर उतार किती ठेवावा? जाताना १६० वजा बैलांच्या वजनाचा भाग, येताना तोच भाग वजा १५. ही दोन समान मांडली की भाग साडेसत्त्याऐंशी येतो, म्हणजे दहा फुटांस सव्वा फूट. मग आपण पावणेदोन फूट का धरले? याचे उत्तर चालू लागण्याच्या क्षणात आहे. बैलांनी पहिल्या एका सेकंदात दर सेकंदास अर्धा मीटर इतका वेग घेतला असे धरले, तर बैल, मोट आणि पाणी या ८६० किलो वस्तुमानाला तो वेग देण्यासाठी आणखी सुमारे ४४ किलोभार लागतात. खुरांचा रेटा साडेसदतीसवरून एकदम साडेएक्याऐंशीवर जातो. नाड्याचा ताणही १६० न राहता १६८ होतो. ‘ताण म्हणजे टांगलेले वजन’ असे पाठ केलेला विद्यार्थी नेमका येथे चुकतो. शिवाय चाकाचे घर्षण भरल्या मोटेच्या वेळी सर्वांत अधिक असते. सगळा जाच जातानाच्या खेपेत असल्यामुळे ती खेप हलकी ठेवणे शहाणपणाचे ठरते. धाव खोदणाऱ्याने हे समीकरण मांडले नव्हते. त्याने बैलांकडे पाहिले होते.

हेच उदाहरण पदवीच्या वरच्या वर्गात पुन्हा निराळ्या रूपाने भेटते. लाग्रांज या गणितज्ञाने १७८८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बलांचे बाण न काढता केवळ ऊर्जेच्या हिशेबाने गती शोधण्याची पद्धती मांडली आणि आपल्या ग्रंथात एकही आकृती नाही, हे प्रस्तावनेत अभिमानाने नमूद केले. मोटेच्या बाबतीत तिचे मर्म असे : बैल जितके उतरले तितकीच मोट चढली, म्हणून ठावठिकाणा सांगण्यास एकच अंतर पुरते. त्या एका अंतराच्या भाषेत गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा लिहिल्या की नाड्याचा ताण हिशेबातून आपोआप गळून पडतो. ताण विचारलेला नसेल तेथे ही पद्धती फार सोयीची. पण ज्याने आधी बाण काढून ताण शोधलेला नाही, त्याला काय गळून पडले हे कळत नाही. आकृत्यांवाचून ग्रंथ लिहिणे लाग्रांजला शोभते. नवशिक्याने आकृती सोडू नये.

या पद्धतीने सोडविण्याजोगा एक बारकावा. मोटकरी कित्येकदा नाड्यावर बसून बैलांबरोबर खाली येत असे. तो बैलांवर ओझे घालीत होता की त्यांना मदत करीत होता? त्याचे वस्तुमान ६० किलो धरले तर त्याच्या उतरण्यामुळे साडेदहा किलोभारांची भर पडते आणि खुरांचा रेटा साडेसदतीसवरून २७ वर येतो. परतताना तो आपल्या पायांनी धाव चढतो. म्हणजे पाणी उपसण्यातला थोडा वाटा तो स्वतः उचलीत होता.

उसाची ट्रॉली आणि वळण

मोट इतिहासजमा झाली; उसाची ट्रॉली मात्र दर हंगामात रस्त्यावर असते. मोळ्यांनी उंच भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गावातील वळणावरून जातो, तेव्हा कडेला उभा असलेला प्रत्येक जण नकळत दोन पावले मागे सरतो. ही भीती रास्त किती, हे पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगू शकतो.

वळणावर ट्रॉलीला वर्तुळात ठेवणारे अभिकेंद्री बल रस्त्याशी चाकांच्या घर्षणातून मिळते आणि ते जमिनीलगत लागू होते. ट्रॉलीचा गुरुत्वमध्य मात्र उंच असतो. त्यामुळे ट्रॉली बाहेरच्या बाजूस उलटू पाहते आणि तिचे वजन तिला सरळ ठेवू पाहते. आतील चाके उचलली जाण्याचा वेग तीन गोष्टींवर ठरतो : वळणाची त्रिज्या, दोन चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधील अंतर दीड मीटर, गुरुत्वमध्य १.८ मीटर उंचीवर आणि वळणाची त्रिज्या १५ मीटर धरली, तर हा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर येतो. मोळ्या आणखी चढवून गुरुत्वमध्य २.२ मीटरवर नेला तर तो साडेपंचवीसवर उतरतो. त्यातच रस्ता बाहेरच्या बाजूस अवघा पाच अंशांनी कलता असेल, तर साडेएकवीसच्या आसपास. चाक खड्ड्यात गेले की तो याहूनही खाली घसरतो.

या हिशेबात ट्रॉलीचे वजन कोठेच येत नाही, याकडे पंचायत सभासदांनी अवश्य लक्ष द्यावे. पाच टन असो वा दहा टन, उलटण्याचा वेग तोच. वजन दोन्ही बाजूंनी सारखेच येऊन कटून जाते. अधिक वजनाने रस्ता खचतो, ब्रेक अपुरे पडतात, ते वेगळे. उलटण्याच्या दृष्टीने पाहावयाची ती भराची उंची आणि रस्त्याचा कल. वळणाच्या बाहेरील कडेला मुरूम टाकून कल सुधारणे, हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील काम आहे.

वळणाची त्रिज्या मोजण्यासही भारी उपकरण लागत नाही. दहा मीटर दोरी वळणाच्या आतील कडेवर दोन टोके टेकतील अशी ताणावी आणि तिच्या मध्यापासून रस्त्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. दोरीच्या लांबीच्या वर्गाला या अंतराच्या आठपटीने भागावे आणि भागाकारात त्या अंतराचा निम्मा मिळवावा. अंतर ८५ सेंटीमीटर भरले तर त्रिज्या सुमारे १५ मीटर. हे काम रहदारी नसताना आणि दोन्ही बाजूंस माणसे उभी करूनच करावे.

धरणाचे पाणी

चांदोली येथील वारणा धरणाचा जलाशय ‘वसंतसागर’ या नावाने ओळखला जातो. अनेक गावांनी आपली घरे-शिवारे सोडली तेव्हा हे पाणी साठले. धरणाची साठवणक्षमता ३४.४० टीएमसी आणि पायथ्याच्या वीजगृहाची क्षमता १६ मेगावॅट आहे. २०१९ च्या महापुरापासून ‘क्युसेक’ हा शब्द वारणाकाठच्या घराघरांत रुळला. पण एका क्युसेकमागे किती वीज, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो.

पाणी ४५ मीटर उंचीवरून पडते आणि त्याच्या ऊर्जेपैकी दहांतील नऊ भाग विजेत उतरतात असे धरू. तर १६ मेगावॅटसाठी दर सेकंदास सुमारे ४० घनमीटर, म्हणजे १,४०० क्युसेकच्या आसपास पाणी लागेल. या गतीने सबंध जलाशय, पावसाची भर आणि बाष्पीभवन सोडून दिल्यास, सुमारे २८४ दिवस पुरेल. प्रत्यक्षात तळाचे पाणी काढता येत नाही आणि पातळी उतरली की उंचीही घटते, म्हणून खरे उत्तर याहून कमी. असा अंदाज बांधता येणे हे यामिकी शिकल्याचे उत्तम गमक होय. ज्या विद्यार्थ्याच्या वहीत या उदाहरणाचे उत्तर १४ क्युसेक किंवा १४ लाख क्युसेक आले असेल, त्याला ते पाहताच खटकले पाहिजे. नदीकाठच्या मुलाला ते खटकते. प्रश्न नदीचा आहे हे मात्र त्याला कोणी सांगावे लागते.

पुस्तके आणि भाषा

यामिकीच्या पुस्तकांच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नाही. पुणे विद्यापीठातील राम ताकवले आणि पुराणिक यांचे अभिजात यामिकीवरील पाठ्यपुस्तक १९७९ साली निघाले आणि देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेले. ताकवले पुढे, १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. बंगालमधील मेदिनीपूरकडील खेड्यातून आलेले आणि पुण्यात खगोलशास्त्राचे संशोधन करणारे नारायणचंद्र राणा यांनी पुणे विद्यापीठाच्या प्रमोद जोग यांच्यासह लिहिलेले पुस्तक १९९१ साली प्रसिद्ध झाले. राणा १९९६ साली अकाली निवर्तले. पुस्तक आजही अभ्यासले जाते.

ही दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत आणि पदवीचा अभ्यास त्याच भाषेत चालतो, हे वास्तव आहे. इंग्रजी टाळून भागणार नाही. परंतु विचार कोणत्या भाषेत करावा यावर विद्यापीठाचा निर्बंध नाही. बल, त्वरण, संवेग, जडत्व, घर्षण हे शब्द विद्यार्थी शाळेत शिकून आलेला असतो. वाई येथून १९७६ साली पहिला खंड प्रसिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात यामिकीवरील विवेचन मराठीत उपलब्ध आहे. शिक्षकाने इंग्रजी उदाहरण प्रथम मराठीत बोलून दाखवावे, आकृती काढेपर्यंत मराठीतच चर्चा होऊ द्यावी आणि समीकरणे मांडताना इंग्रजी संज्ञांकडे वळावे. असे केल्याने अभ्यासक्रम मागे पडतो, ही तक्रार खरी आहे. पहिल्या महिन्यात तो मागे पडतोच.

तालुक्यातील एखाद्या विद्यालयाला हा प्रयोग करावयाचा असल्यास लागणारी सामग्री अल्प आहे : गवंड्याचा ओळंबा, पाणी भरलेली पारदर्शक नळी, मोजपट्टी, स्प्रिंगचा वजनकाटा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ. नळीच्या दोन टोकांतील पाण्याची पातळी समान असते, त्यावरून धावेचा उतार दहा फुटांस किती हे अर्ध्या तासात मिळते. जुन्या विहिरींना बहुधा कठडा नसतो. म्हणून मुलांनी एकट्याने जाऊ नये, शिक्षकासह ग्रामपंचायतीचा एखादा जाणता सभासद बरोबर असावा. मोट हाकलेला गृहस्थ मिळाला तर त्यालाच न्यावे; बैल कोठे अडत आणि नाडा कोठे झिजे, हे तो सांगू शकेल. मोजमाप फाल्गुन-चैत्रात उरकावे. मृग लागल्यावर या भागात धावेवर गवत माजते आणि माती निसरडी होते.